किल्ल्याची शाळा

पहिलीच्या वर्गावर उभे राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट शाळेच्या पहिल्या आठवड्यातच कळते. काही मुले शाळेसाठी तयार होऊन येतात, तर काही नुसती पाठ करून येतात. पाठ करून आलेले मूल शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणते; पण पाच चिंचोके दे म्हटले की मूठभर देते. शेजाऱ्याने पाटी ओढली तर त्याला बोलता येत नाही, फक्त रडता येते.

आमच्या शेजारी असाच एक चिमुरडा आहे. वय वर्षे चार. सकाळी बालवर्ग, दुपारी इंग्रजीचा क्लास, संध्याकाळी चित्रकलेचा! तरी प्रवेशाच्या मुलाखतीत स्वारी गप्पच बसली. "बाई, मागं पडायला नको हो तो!" त्याची आई म्हणाली. त्या माउलीची भीती खोटी नव्हती. मी म्हटले, "अगं, दिवाळीत त्याला आमच्या अंगणात पाठव. पोरं किल्ला करताहेत."

मोठ्या मुलांनी त्याला सर्वांत खालची नोकरी दिली : पाणी आणायचे, माती कालवायची. पहिल्या दिवशी तो चिखलाचा हात अंगापासून दूर धरून उभा होता. दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत माखला. पाणी जास्त झाले की बुरूज ढासळतो, मोठे दगड खाली लागतात, पायऱ्या मोजून कराव्या लागतात, हे त्याला कोणी शिकवले नाही. हळीव पेरल्यावर उगवले का म्हणून रोज डोकावू लागला. आणि आपला मावळा दरवाजावरच का हवा, यावर दादा लोकांशी चक्क भांडला!

१९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, पाने हीच साधने. २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही या वयाला खेळातूनच शिकवा म्हणते. बोटांना बळ, कानांना गोष्ट, जिभेला बोलायला कारण आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायची सवय, एवढी शिदोरी असली की अक्षरे पुढे आपण होऊन येतात.

किल्ला पाहायला आई आली. लेकाची बडबड ऐकून म्हणाली, "घरी एवढं बोलत नाही हो!" चित्रकलेचा क्लास तिने बंद केला, इंग्रजीचा अजून चालू आहे. असू दे. पुढच्या वर्षी त्याला बुरुजाच्या कामावर घ्यायचे, असे मोठ्या मुलांनी ठरवले आहे.