सानगडीच्या दारातली स्मार्ट बेल

स्मार्ट डोअरबेल म्हणजे बटणाबरोबर कॅमेरा, माइक, स्पीकर आणि हालचाल टिपणारा सेन्सर असलेली बेल. दारात कोणी आले, की चित्र वायफायवरून घरच्यांच्या मोबाइलवर जाते. कल्पना जुनीच, न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने पतीसह दारावरच्या कॅमेऱ्याचे पेटंट १९६९ साली मिळवले होते.

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडीत, करोनाच्या दिवसांत, प्रस्तुत लेखकाने आईबाबांच्या घराला अशी बेल बसवली. स्वतः तो नागपुरात. पहिली अडचण विजेची. आपली साधी बेल थेट २३० व्होल्टवर चालते. तारेवरच्या स्मार्ट बेलला बहुधा ८ ते २४ व्होल्टच लागतात. मध्ये ट्रान्सफॉर्मर आला. दुसरी अडचण माणसांची. गावात बटण दाबतो कोण? अंगणातूनच "हायेत का जी घरी?" अशी हाक येते आणि आई आवाजावरून माणूस ओळखते. नागपुरात मोबाइलवर मात्र दुपट्टा गुंडाळलेल्या चेहऱ्याचे नुसते डोळे दिसत. शेळी गेली तरी मोबाइल वाजे.

शेळीचे कारण सेन्सरमध्येच आहे. अंगाची ऊब हलली एवढेच त्याला कळते; करोनात दारात आलेल्याचा ताप बघायचा असे, तो मात्र हा सेन्सर मोजत नाही. त्यासाठी कपाळाशी धरायची थर्मल गन लागते. मेच्या उन्हातून आलेल्याला आधी सावलीत बसवावे लागते, नाहीतर धडधाकट माणूसही तापाचा ठरतो.

लसीचा पुरावा तपासणे त्याहून किचकट. देशात १६ जानेवारी २०२१ ला करोनाचे लसीकरण सुरू झाले. कोविन या सरकारी लसीकरण पोर्टलच्या प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केला, की डिजिटल सही जुळते का ते कळे. कागद खरा ठरे, पण आणणारा तोच कशावरून? धारकाचा फोटो त्यावर नसे. असे तो पंतप्रधानांचा. म्हणून सोबत ओळखपत्र पाहावे लागे.

हा तपासणीचा प्रयोग बेलवरून एकदाच झाला. पंखा दुरुस्त करायला आलेल्या पोराने मोबाइलवरचे आपले प्रमाणपत्र कॅमेऱ्यासमोर धरले. काच उन्हात चमकली, रुंद भिंगात कोडचे चौकोन वाकले, स्कॅन काही होईना. तो हात लांब करी, जवळ आणी. नागपुरातून "थोडा डावीकडे" चालले होते. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "कोणाचा गा तू?" पोराने बापाचे नाव सांगितले. कडी निघाली.