छातीवरचा चे
कॉलेजात असताना मी १५० रुपयांना चे गव्हेराचा टी-शर्ट घेतला. वस्तीतल्या दादाने विचारलं, "कोण रे हा?" मला सांगता येईना. मग वाचलं. तो फोटो अल्बेर्तो कोर्दाने ५ मार्च १९६० रोजी हवानात, स्फोटातल्या मृतांच्या शोकसभेत काढला होता. २००० साली तो स्मिरनॉफ व्होडकाच्या जाहिरातीत झळकला, तेव्हा कोर्दा कोर्टात गेला. तडजोडीत मिळालेले ५०,००० डॉलर त्याने क्यूबाच्या आरोग्यसेवेला दिले.

मित्रांनो, बाजार बंडखोराचा चेहरा विकतो आणि त्याचा प्रश्न गाळतो. उद्या बाबासाहेबांचाही फक्त कोट-टाय विकला जाईल, चवदार तळं गाळलं जाईल. टी-शर्ट जरूर घाला. पण दादाने विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे.

जय भीम!