लेन्सआधी टेप घे

चि. भाच्यास,


काल तुझी आई फोनवर म्हणाली, पोरगं लग्नाच्या फोटोंसाठी सत्तर-दोनशेची लेन्स हप्त्यावर घ्यायला निघालंय. तळवड्याच्या वर्कशॉपमध्ये रात्रपाळ्या करून साठवलेला पैसा आहे तो, म्हणून लिहायला बसलो. हप्त्यावर घेऊ नकोस.

जॉब हातात आला की तू आधी वर्निअर लावतोस. इथंही आधी मोज. तुझा कॅनन २००डी छोट्या सेन्सरचा. त्यावर ५० एमएमची लेन्ससुद्धा ८०सारखी वागते, सत्तर-दोनशे तर त्याहून लांबची. रुपीनगरच्या दहा बाय दहाच्या खोलीत हळद चालू असताना भिंतीला पाठ टेकवलीस, तरी ५०नं फ्रेममध्ये जेमतेम सव्वा मीटर येईल. नवरी आणि एखादी करवली, बस्स. स्टेजवर दहा पाहुणे ओळीनं उभे राहिले की पाचेक मीटर होतात. ५०नं ते घ्यायला ११ मीटर मागं जावं लागतं, १८नं ४ मीटर पुरतात. म्हणून कुणी काहीही म्हणो, १८-५५ची किट लेन्स विकू नकोस.

मग नवी कशाला? उजेडासाठी. मी फोटो काढलेल्या पहिल्या लग्नात, आळंदीत, हॉल अंधारा होता. किट लेन्स ५५ला एफ ५.६च्या पुढं उघडेना, शटर १/१५. अंतरपाट बाजूला झाला, नवरीनं मान वर केली आणि फोटोत तिचा चेहरा हलला. अंतरपाट दुसऱ्यांदा धरत नाहीत रे. एफ १.८ला जवळजवळ दसपट उजेड आत येतो. तिथंच मला १/१२५ मिळाला असता.

तेव्हा ५० एमएम एफ १.८ एसटीएम घे. जुनी मिळाली तर मोबाइलचा टॉर्च मागून मारून काचेत बुरशीचे धागे दिसतात का बघ. दोन्ही चेहरे हवे असतील तेव्हा २.८वर ये, नाहीतर नवरी स्पष्ट आणि नवरदेव धूसर. निकॉन डी५६००वाल्या तुझ्या मित्रालाही सांग, जुनी 'डी' लेन्स स्वस्त मिळाली तरी नको. त्या बॉडीत मोटर नाही, फोकस हातानं करावा लागेल. सत्तर-दोनशे लागलीच तर एका दिवसाच्या भाड्यानं आण.

गुरुवारी तुला सुट्टी असते. टेप घेऊन ये. तुला मिळालेल्या पहिल्या ऑर्डरचा हॉल आपण दोघं मोजू.

तुझा,
मामा