अंगणांतील बैठक

घर बांधतांना माणूस जितका विचार भिंतींचा करतो, तितका अंगणाचा करीत नाहीं. आणि अंगणाचा केलाच, तर तेथें लावावयाच्या झाडांचा करतो, बसणाऱ्या माणसांचा करीत नाहीं. हें आम्ही दुसऱ्या कोणास उद्देशून लिहीत नसून स्वतःच्याच अनुभवावरून लिहीत आहों. आमच्या घरामागें पंधरा फूट लांब व बारा फूट रुंद असें एक चिमुकलें अंगण आहे. त्यांत तुळशीवृंदावन, एक पारिजातक, भिंतीलगत जाई आणि मध्यें शहाबादी फरशी. या जागेंत बसावयास काय ठेवावें, एवढाच काय तो प्रश्न होता. त्यानें आमचीं दोन वर्षें घेतलीं. आणि उत्तर सांपडलें, तेव्हां तें आमच्या मातोश्रींनीं आम्हांस पहिल्याच दिवशीं देऊन ठेवलें होतें असें आढळून आलें.

आमचा जुना वाडा सदाशिव पेठेंत होता. भावकीच्या संमतीनें 2017 सालीं तो पाडावयास दिला, तेव्हां आम्हीं माजघरावरच्या तीन सागवानी तुळया तेवढ्या मागून घेतल्या आणि नव्या घरीं आणून ताडपत्रीखालीं ठेवल्या. मातोश्रींना मात्र तुळयांचें विशेष कौतुक नव्हतें. त्यांना आठवण होती ती दाराबाहेरच्या ओट्याची. लग्न होऊन त्या वाड्यांत आल्या तेव्हांपासून दिवेलागणीची वेळ त्यांनीं त्या ओट्यावर घालविली होती. भाजी निवडणें, शेजारणींशीं चार शब्द बोलणें, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करणें, हें सारें तेथेंच होत असे. नव्या घरीं आल्यावर एके दिवशीं त्या म्हणाल्या, "अरे, मागं बसायला आपल्या ओट्यासारखं कांहीं तरी कर. हातभर उंच असलं कीं झालं." आम्हीं "बरं" म्हटलें, आणि वय झालें म्हणजे माणसाला जुनें तेंच गोड लागतें, असें मनाशीं म्हणून तें बोलणें कानाआड केलें.

मग आम्ही बाजार पाहावयास निघालों. उघड्यावर ठेवावयाच्या आसनाला ऊन, पाऊस आणि वाळवी असे तीन शत्रू असतात. चौथा शत्रू म्हणजे घेणाऱ्याचा उतावळेपणा. वेताच्या खुर्च्या सर्वांत देखण्या आणि हलक्या. छपराखालीं त्या वर्षानुवर्षें टिकतात. परंतु पावसांत भिजूं दिल्या तर वेत बुरशीनें काळा पडतो आणि सांध्यांशीं उकलूं लागतो. बांबूच्या अंगीं पिष्ट असतें, म्हणून त्यावर भुंगेरे तुटून पडतात आणि खुर्चीखालीं पिठासारखी भुकटी सांडलेली दिसते. बिडाच्या नक्षीदार खुर्च्या पाहून सौ. मोहित झाल्या होत्या. पण वैशाखांतल्या दुपारीं त्यांवर हात टेकण्याची सोय नाहीं, आणि रंगाचा एक टवका उडाला कीं तेथून गंज आंत शिरतो. हल्लीं ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर प्लास्टिकच्या फितीनें वेतासारखें विणकाम केलेलें मिळतें. प्रत चांगली असली तर तें पावसाला दाद देत नाहीं. प्रत हलकी असली तर फीत उन्हानें कडक होऊन कडाकड तुटते, आणि दुकानांत या दोहोंतला फरक डोळ्यांस दिसत नाहीं.

राहिली मंगल कार्यालयापासून चहाच्या टपरीपर्यंत सर्वत्र आढळणारी ती पांढरी, एकसंध प्लास्टिकची खुर्ची. आंरी मासोने या फ्रेंच गृहस्थांनीं 1972 सालीं एकाच साच्यांतून निघणारी अशी खुर्ची बाजारांत आणली, आणि तिच्या वंशजांनीं सारें जग व्यापून टाकलें. ती स्वस्त, हलकी, धुवावयास सोपी आणि एकीवर एक रचून ठेवतां येणारी आहे. तरी दुकानदारानें ती पुढें करतांच आम्हीं नाक मुरडलें. "पंक्तीला ठीक आहे, आमच्या अंगणांत नको," असें आम्ही म्हणालों, हें आम्हांस स्पष्ट आठवतें. कारण हे शब्द पुढें आम्हांस गिळावे लागले.

अशा वेळीं अमेरिकेंतील आमच्या धाकट्या बंधूंनीं त्यांच्या घरामागील हिरवळीचें छायाचित्र पाठविलें. त्यांत दोन लांकडी खुर्च्या होत्या. पाठ उंच व मागें कललेली, हात इतके रुंद कीं त्यांवर चहाचा पेला ठेवावा, आणि बैठक पुढून मागें उतरत गेलेली. चौकशी करतां कळलें कीं, न्यूयॉर्क संस्थानांतील ॲडिरोंडॅक डोंगराजवळ वेस्टपोर्ट म्हणून गांव आहे. तेथील आपल्या उन्हाळी घरासाठीं टॉमस ली या गृहस्थांनीं 1903 सालीं ही खुर्ची योजिली, आणि 1905 सालीं हॅरी बनेल या सुतारानें तिचें पेटंट मिळविलें. शंभर वर्षांहून अधिक काळ लोकांच्या पसंतीस उतरलेलें आसन, वर वाड्याचें सागवान! आम्हांस आणखी काय हवें होतें? आम्हीं मिस्त्रींना बोलावून छायाचित्र दाखविलें. त्यांनीं तें उलटसुलट करून पाहिलें आणि विचारलें, "साहेब, ही खुर्ची बसायची आहे का लोळायची?" आम्ही हंसलों. त्यांनीं प्रश्न विनोदानें केला नव्हता.

दोन तुळया कापावयास घेतल्या. जुन्या लांकडांत मोडलेले खिळे दडलेले असतात व ते करवतीचे दांत खातात, म्हणून मिस्त्री आधीं बोटभर बोटभर जागा चांचपून पाहत. वरचा काजळीचा थर निघाला आणि आंतून मधासारखा गाभा दिसूं लागला, तेव्हां त्याच्या वासानें सारें अंगण भरून गेलें. सागाच्या गाभ्यांत मूळचेंच तेल असतें, म्हणून वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं. सालीलगतचा पांढुरका भाग मात्र इतर लांकडासारखाच कुजतो, तो मिस्त्रींनीं काढून टाकला. पंधरा दिवसांनीं दोन खुर्च्या पारिजातकाखालीं विराजमान झाल्या, आणि पहिल्या संध्याकाळीं आम्हीं मातोश्रींना हाताला धरून तेथें नेऊन बसविलें. त्या सुखानें टेकल्या. आम्हांस धन्य वाटलें, आणि आम्ही कामानिमित्त बाहेर गेलों.

परत आलों तेव्हां साडेआठ वाजून गेले होते. सौ. त्या दिवशीं माहेरीं गेल्या होत्या. अंगणांत अंधार होता आणि मातोश्री तेथेंच बसलेल्या होत्या. देवापाशीं दिवा लागला नव्हता. डासांनीं त्यांचे पाय फोडून काढले होते. "एवढा वेळ?" असें विचारतां त्या म्हणाल्या, "बसावंसं वाटलं." आम्हांला तें आमच्या खुर्चीचें प्रशस्तिपत्र वाटलें.

त्यानंतर त्या अंगणांत येईनाशा झाल्या. आज डास, उद्यां ऊन, परवां जप राहिला आहे. तुळशीला पाणी घालून त्या वृंदावनाशीं हात टेकून क्षणभर उभ्या राहत आणि आंत जात. नवें घर त्यांना मानवलें नाहीं, असा निष्कर्ष आम्हीं काढला. एकदां दुपारीं आम्ही अवेळीं घरीं आलों, तों मातोश्री अंगणांत बसलेल्या. शेजारच्या काकूंशीं भिंतीवरून बोलत वाल सोलीत होत्या. बसल्या होत्या मात्र त्या काकूंनीं भिंतीवरून दिलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, आणि आमच्या दोन सागवानी खुर्च्या हाताच्या अंतरावर रिकाम्या होत्या. आमच्या तोंडून निघून गेलें, "वाड्याच्या लांकडाच्या केल्या, त्या तुम्हांला चालत नाहींत, आणि ही चालते?" मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं वालाचें सूप उचललें आणि त्या आंत गेल्या. काकूंनीं खुर्ची परत मागून घेतली.

या गोष्टीस महिनाहि झाला नसेल, तों आमची कंबर धरली. वैद्यांनीं वांकूं नका, जड उचलूं नका असें बजावलें होतें. चौथ्या दिवशीं जरा बरें वाटलें म्हणून आम्ही सकाळच्या कोंवळ्या उन्हांत त्या खुर्चीवर जाऊन टेकलों. अर्ध्या तासानें उठूं लागलों, तों उठतां येईना. बैठक मागें उतरती, गुडघे बैठकीहून वर आलेले, पाय अंगाखालीं घ्यावे तर जागा नाहीं. पुढें सरकावें तर कंबरेंत कळ निघे. हातांवर जोर द्यावा तर तेहि मागें कललेले. आम्ही सौ.ना हांक मारणार होतों, पण शेजाऱ्यांस ऐकूं जाईल म्हणून गप्प राहिलों. आणि त्या गप्प राहण्यांतच आम्हांस ती संध्याकाळ आठवली. मातोश्रींना त्या दिवशीं बसावेंसें वाटलें नव्हतें. त्यांना उठतां येत नव्हतें. ऐंशीच्या घरांतल्या बाईनें दोन तास अंधारांत डास सोसले. परंतु मुलानें हौसेनें केलेल्या खुर्चीला नांव ठेवलें नाहीं. आणि त्याच मुलानें पुढें त्यांना काय ऐकविलें!

त्याच दिवशीं आम्हीं मोजपट्टी घेतली. आमच्या खुर्चीची बैठक पुढून चौदा इंच आणि मागून जेमतेम अकरा इंच उंच. मग काकूंची प्लास्टिकची खुर्ची मागून आणून मोजली, ती सतरा. वाड्याचा ओटा मोजावयास आतां वाडा उरला नव्हता. पण मातोश्रींनीं मोजमाप सांगितलेंच होतें. हातभर, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंत. म्हणजे अठरा इंच. आम्ही ज्याला जुन्याचा मोह समजलों, तें सुताराला द्यावयाचें माप होतें.

उरलेल्या तिसऱ्या तुळईचा मिस्त्रींनीं बाक केला. आतां छायाचित्र नव्हतें. मातोश्री स्वतः समोर उभ्या राहून सांगत होत्या. बैठक सपाट आणि अठरा इंच उंच. खोली बेताची, म्हणजे पाठ टेकूनहि पाय जमिनीला लागतात. दोन्ही अंगांस बैठकीपासून नऊ इंचांवर हात, आणि ते पुढच्या कडेपर्यंत आलेले, कारण उठतांना आधार पुढें लागतो, मागें नव्हे. पट्ट्यांच्या मध्यें बोट शिरेल एवढी फट, म्हणजे पाणी सांचत नाहीं. स्क्रू पितळी, कारण लोखंडी स्क्रूभोंवतीं सागावर काळे डाग उमटतात. पायांखालीं दगडी चकत्या, कारण लांकूड आपल्या कापलेल्या टोंकांतून पाणी सर्वांत अधिक ओढतें. व्हार्निश आम्हीं लावलें नाहीं. उघड्यावर त्याचे पापुद्रे निघतात. दोन पावसाळ्यांत बाक रुपेरी करडा झाला आहे, तो रोग नव्हे. सागाचें तें म्हातारपण आहे, आणि तें त्याला शोभतें.

बाक चार फूट लांब आहे. मिस्त्रींनीं एकाच माणसासाठीं आटोपशीर करूं का म्हणून विचारलें होतें, तेव्हां मातोश्री म्हणाल्या, "अहो मिस्त्री, एकटीनं बसायला घरांत जागा थोडी आहे का?" भिंतीपलीकडल्या काकू आतां भिंतीवरून बोलत नाहींत, फाटकानें आंत येतात आणि शेजारीं बसतात. त्या दोन खुर्च्यांपैकीं एक मोडून तिच्या पट्ट्यांचें झाडांच्या कुंड्यांसाठीं मांडणें केलें. दुसरी ठेवली आहे. मे महिन्यांत भाचरें येतात, तीं तींत लोळतात. लोळावयास ती खरोखरच उत्तम आहे.

अंगणासाठीं आसन घेऊं इच्छिणाऱ्या वाचकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, ऊन, पाऊस आणि वाळवी यांचा विचार अवश्य करावा. परंतु त्याआधीं घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसास त्या आसनावर बसवावें, आणि हात न देतां उठावयास सांगावें. आम्हीं त्या दुपारच्या बोलण्याबद्दल मातोश्रींची क्षमा अद्याप शब्दांनीं मागितलेली नाहीं. एकदां बाकावर शेजारीं बसून विषय काढला होता. त्यांनीं मटाराच्या शेंगांचें सूप आमच्या मांडीवर ठेवलें आणि म्हणाल्या, "बसलाच आहेस तर एवढ्या सोल."