अब्बांचे यंत्र

आमचे घर केळव्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. खिडकी उघडली की समोर सुरूची झाडे दिसतात आणि खारा वारा सरळ घरात शिरतो. पाहुण्यांना तो फार आवडतो. आम्हांला मात्र सायकलची साखळी दर आठवड्याला पुसावी लागते.

माझे अब्बा शिंपी. चाळीस वर्षे त्यांनी गावातल्या लोकांचे कपडे शिवले. आता त्यांचे हात थरथरतात. सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून त्यांनी मशीन बंद केली. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. पण एकदा दाढी करताना गालाला मोठी जखम झाली, तेव्हा ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मी म्हणालो, "अब्बा, न्हाव्याला घरी बोलावतो." ते म्हणाले, "अजून माझं तोंड मला सापडतं."

मग मी पालघरच्या बाजारातून विजेवर चार्ज होणारे दाढीचे यंत्र आणले. हे यंत्र काही नवलाचे नाही. विजेवर चालणारे दाढीचे यंत्र अमेरिकेतील जेकब शिक यांनी १९३१ सालीच बाजारात आणले होते. अब्बांना ते इतके आवडले की रोज सकाळी त्याची घरघर ऐकूनच आम्ही जागे होऊ लागलो.

दोन वर्षे ठीक गेली. मग एका शनिवारी घरघर ऐकू आली नाही. अब्बा आरशासमोर बसून बटण दाबत होते. यंत्र गप्प. चार्जर लावला, तरी दिवा लागेना. बाहेर सुरू कितीतरी होते, घरातले यंत्र मात्र सुरू होईना! दुसऱ्या दिवशी बोईसरला माझ्या भाचीचा निकाह होता. अब्बा हळूच म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी घरी थांबतो." खुंट वाढलेल्या चेहऱ्याने ते चार माणसांत कधीच गेले नव्हते.

मला राग आला आणि तो मी मुलावर काढला. "तूच पाडलं असशील! दिसेल त्या वस्तूला हात लावतोस." तो म्हणाला, "नाही अब्बू, खरंच नाही." मी ऐकले नाही. शाळेत मी मुलांना सांगतो की आधी विचारा, मग बोला. घरी माझे उलटे झाले.

मी पिशवी घेऊन स्टेशनला निघालो. पालघरला दुरुस्तीचे दुकान आहे. अब्बांनी मला थांबवले. "मशीन अडली की आम्ही लगेच उघडत नसू. आधी सुई, मग दोरा, मग बॉबिन. सगळं बघून झालं की शेवटी मशीन."

मग आम्ही तसेच केले. बटणांच्या बोर्डाला मोबाइलचा चार्जर लावला, मोबाइल चार्ज होऊ लागला. म्हणजे वीज होती. नसती तर नवलच, कारण देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ पासून आमच्या उत्तरेला तारापूरला उभे आहे! यंत्राच्या चार्जरची वायर पाहिली, कुठे तुटलेली नव्हती. मग वायर काढून ठेवली आणि यंत्राच्या भोकात टॉर्च मारला. आतल्या दोन बारीक पिनांवर हिरवट थर चढला होता. कल्हई उडालेल्या तांब्याच्या पातेल्यावर चढतो, तसाच.

अब्बांनी विचारले, "हे कुठे ठेवता?"

मी खिडकीकडे पाहिले. दर रविवारी यंत्र नळाखाली धुऊन, ओले असतानाच खिडकीत ठेवणारा मीच होतो. खाऱ्या हवेतले मीठ ओल धरून ठेवते, ओलीने धातू खराब होतो आणि त्या थरातून वीज पुढे जात नाही.

शिलाई मशीनचा कोरडा ब्रश अब्बांनीच काढून दिला. काडीला कापूस गुंडाळून, त्यावर थोडे स्पिरिट घेऊन मी पिना पुसल्या. ते वाळू दिले आणि मग चार्जर लावला. दिवा लागला नाही. माझा धीर सुटला. पण बॅटरी अगदी रिकामी झाली असेल तर दिवा लागायला वेळ लागतो. वीस मिनिटांनी तो लागला. घरात ईदचा चंद्र दिसल्यासारखा आरडाओरडा झाला.

संध्याकाळी वायर काढली. अब्बांचा थरथरता अंगठा बटणावर जरा रेंगाळला आणि यंत्र पुन्हा गप्प! या वेळी कोणालाच काही सुचेना. माझा मुलगा, सकाळपासून माझ्याशी न बोललेला, यंत्राच्या डब्यातला कागद घेऊन बसला होता. त्याने वाचून सांगितले की बटण बराच वेळ दाबले की कुलूप लागते. प्रवासात पिशवीत यंत्र आपोआप चालू होऊ नये, म्हणून ही सोय असते. त्याने तीन सेकंद बटण दाबून धरले. घर्रर्र!

मी त्याला म्हणालो, "सकाळी माझी चूक झाली." तो म्हणाला, "मग उद्या निकाहला खिडकीजवळची सीट माझी."

रविवारी पहाटे ती घरघर पुन्हा ऐकू आली. मी दारात उभा राहिलो. अब्बांनी मान वाकडी करून नातवाला विचारले, "कानाखाली काही राहिलं का?" त्याने बोट फिरवून पाहिले. "थोडं आहे, दादाजान." अब्बांनी यंत्र त्याच्या हातात दिले आणि डोळे मिटले.