बडा बाजार : जुन्या पेठेत नव्या खेळांची पारख

मुंबईहून पंजाब मेलने निघालेला मराठी प्रवासी झाशीला उतरतो, तो मनात किल्ला घेऊनच. ओरछाच्या बीरसिंह देवांनी १६१३ साली बांगरा टेकडीवर बांधलेला हा किल्ला पुढे पेशव्यांच्या ताब्यात आला, नारोशंकरांनी तो वाढवला आणि नंतर नेवाळकर घराण्याने इथून कारभार केला. त्यामुळे मराठी माणसाला हे गाव परके वाटतच नाही. किल्ला चढून उतरावा, राणी महालातली जुनी शिल्पे पाहावीत आणि परतीची रिक्षा धरावी, असा बहुतेकांचा बेत असतो. या बेतात एक गोष्ट मात्र हमखास सुटते. ती म्हणजे किल्ल्याच्या सावलीत पसरलेला बडा बाजार.

तटबंदीच्या आतली पेठ

जुन्या झाशीभोवती तट होता आणि त्याला ओरछा, दतिया, उनाव, सागर, भांडेर अशा गावांच्या नावांचे दरवाजे होते. आजही वस्त्यांना तीच नावे आहेत. या तटाच्या आत, अरुंद गल्ल्यांच्या जाळ्यात बडा बाजार वसला आहे. मुरली मनोहराचे जुने मंदिर इथेच आहे. राणी महाल हाकेच्या अंतरावर. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली मनकर्णिकेचे गंगाधररावांशी लग्न लागले आणि ती लक्ष्मीबाई झाली, ते मंदिरही जुन्या शहरातच. तिथल्या गणेशोत्सवात अजून मराठी आरत्या कानावर पडतात.

याच शहराने १८५८ च्या एप्रिलमध्ये रस्त्यारस्त्यांतली लढाई, लूट आणि जाळपोळ पाहिली. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे त्या वेळी झाशीतच होते. त्यांनी लिहिलेला 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला आणि त्या दिवसांची हकिगत मराठी घरांत पोहोचली. एवढे सोसूनही बाजार पुन्हा उभा राहिला, कारण माणसाला मीठ-मिरची, कपडालत्ता आणि पोरांसाठी खेळणे लागतेच.

अशा जुन्या पेठेत खरेदीची एक रीत असते. गिऱ्हाईक भांडे उचलते, टिचकी मारते, आवाज ऐकते आणि मगच भाव विचारते. कापडाचा पोत चिमटीत धरून पाहिला जातो. 'नवीन आलंय' एवढ्यावर कुणी पैसे मोजत नाही. मात्र खेळण्यांच्या दुकानापुढे ही सगळी हुशारी लंगडी पडते. चकचकीत खोक्यातला व्हिडिओ गेम हाताशी आलेल्या मुलाने मागितला, की आई-वडिलांना टिचकी कुठे मारायची तेच कळत नाही. मागच्या दिवाळीला घेतलेला डबा घरी असताना हा दुसरा कशासाठी, या प्रश्नाला मुलाकडे एकच उत्तर असते : हा नवीन आहे.

तो खरोखर नवीन आहे का? टीव्हीला जोडून खेळायची ही यंत्रे, म्हणजे कन्सोल, बनवणाऱ्या जगभरच्या कंपन्या दर काही वर्षांनी 'क्रांती' झाल्याची दवंडी पिटतात. त्यांच्या दाव्यालाही टिचकी मारून पाहायला हरकत नाही.

नवे कशाला म्हणायचे?

सुरुवात निर्विवाद नवी होती. राल्फ बेअर या अमेरिकेतल्या अभियंत्याला १९६६ साली वाटले, की टीव्ही फक्त बघायचा कशाला, त्यावर खेळता का येऊ नये? त्यातून १९७२ साली मॅग्नाव्हॉक्स कंपनीचा 'ओडिसी' बाजारात आला. त्याला आवाज नव्हता, गुण मोजायची सोय नव्हती. पडद्यावर रंगीत पारदर्शक कागद चिकटवून खेळायचे आणि सोबत फासे, पत्ते, खोट्या नोटा मिळायच्या. म्हणजे या नव्या यंत्राने जुन्या बैठ्या खेळांचे बोट अजून सोडले नव्हते.

दुसरे मोठे पाऊल १९७६ साली पडले. जेरी लॉसन यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या फेअरचाइल्ड कंपनीच्या 'चॅनल एफ' मध्ये खेळ यंत्रात कोंडलेला नव्हता, तर वेगळ्या कॅसेटमध्ये होता. कॅसेट बदलली की खेळ बदलला. आज ही गोष्ट साधी वाटते, पण तिने कन्सोलचा सगळा धंदाच बदलला. यंत्र एकदा घ्यायचे आणि खेळ पुन्हा पुन्हा विकत घ्यायचे, ही रीत तेव्हापासून पडली.

जुन्याला नवा उपयोग

आता जपानकडे वळू. क्योटो शहरात १८८९ साली पत्ते बनवणारी एक छोटी पेढी सुरू झाली. तिचे नाव निन्टेंडो. आपल्याकडे सावंतवाडीच्या चितारी मंडळींनी अशीच हाताने रंगवलेली गंजिफा घडवली. दशावतारी गंजिफेचे १२० गोल पत्ते म्हणजे रंगकलेचा नमुनाच. गंजिफा कलावस्तू म्हणून जपली गेली, तर क्योटोची पेढी पत्त्यांवरून खेळण्यांकडे आणि खेळण्यांवरून यंत्रांकडे गेली.

तिथल्या गुनपेई योकोई या तंत्रज्ञाने एक साधे सूत्र धरले होते. तंत्र नवे नसले तरी चालेल. जुने, पक्के, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा कुणाला न सुचलेला उपयोग करावा. आगगाडीत कंटाळलेला एक प्रवासी कॅल्क्युलेटरच्या बटणांशी चाळा करताना त्याला दिसला आणि त्यावरून खिशात मावणारा खेळ सुचला, असे सांगतात. १९८० साली 'गेम अँड वॉच' आले. त्यात कॅल्क्युलेटरचेच पडदे आणि सुटे भाग होते. १९८२ साली त्यातल्याच एका खेळासाठी त्याने अधिक चिन्हासारखे चार दिशांचे बटण बसवले. त्याचे वंशज आजही जवळजवळ प्रत्येक कन्सोलवर आहेत.

१९८९ साली 'गेम बॉय' आला तोही याच सूत्राने. पडदा रंगीत नव्हता. पुढच्याच वर्षी सेगा कंपनीने रंगीत पडद्याचा 'गेम गिअर' आणला. तंत्रात तो उजवा होता, पण सहा सेल काही तासांत संपवायचा. गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त वेळ चालायचा. लोकांनी कौल गेम बॉयला दिला. त्याच्या रंगीत आवृत्तीसह हे यंत्र ११ कोटी ८० लाखांहून अधिक विकले गेले. सेलच्या खर्चाचा हिशेब झाशीच्या आईला जसा कळतो, तसाच तो न्यूयॉर्कच्या आईलाही कळला!

नक्कल आणि ९९ लाख खेळ

मग हे सगळे बडा बाजारासारख्या पेठांत कसे पोहोचले? निन्टेंडोचा 'फॅमिकॉम' जपानमध्ये १९८३ साली आला. भारतात तो 'सामुराई' या नावाने विकला गेला. सेगाचा 'मेगा ड्राइव्ह' १९९५ साली शॉ वॉलेस कंपनीमार्फत आला, तो तब्बल १८,००० रुपयांना. त्या काळी एवढ्या रकमेत घरात रंगीत टीव्ही आला असता. नोकरदार कुटुंबाने तो घ्यायचा कसा?

ती पोकळी भरून काढली नकलांनी. फॅमिकॉमचीच विद्या एका छोट्या चिपमध्ये बसवून तैवान-चीनमधल्या कारखान्यांनी स्वस्त डबे तयार केले आणि ते निरनिराळ्या नावांनी गावोगाव पसरले. नव्वदच्या दशकातल्या भारतीय मुलांना 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' भेटले ते बहुतेक याच डब्यांतून. मूळ शोध लावणाऱ्याला त्यातून छदामही मिळाला नाही, हे खरे. हा शोध नव्हता, सरळ उचलेगिरी होती. पण तो खेळ सामान्यांच्या दिवाणखान्यात आणण्याचे काम या उचलेगिरीनेच केले, हेही नाकारता येत नाही.

या डब्यांसोबत एक गमतीची वस्तू मिळायची : '९९९९९९९ खेळ एकाच कॅसेटमध्ये'. मुले हरखून जायची. लावून पाहिली की कळायचे, खरे खेळ जेमतेम काही. तोच खेळ, कधी दुसऱ्या पातळीपासून सुरू, कधी रंग बदललेला, कधी फक्त नाव वेगळे. यादी लांबत जायची, खेळ वाढायचा नाही.

वेग वाढला, खेळ तोच

बाजारातली ही लबाडी आठवली, की मोठ्या कंपन्यांचे नवे खोके जरा वेगळ्या नजरेने पाहता येते. २०१३ साली सोनीचा 'प्लेस्टेशन ४' आणि मायक्रोसॉफ्टचा 'एक्सबॉक्स वन' एकाच महिन्यात आले. दोघांच्या पोटात एएमडी या एकाच कंपनीच्या, एकाच घराण्यातल्या चिप होत्या. २०२० साली आलेल्या पुढच्या पिढीतही तेच. चित्रे अधिक रेखीव झाली, खेळ लवकर सुरू होऊ लागला. ही सुधारणा जरूर आहे. पण सुधारणा आणि नवा शोध यांत फरक असतो. धार लावलेला विळा चांगला कापतो, म्हणून तो नवा विळा होत नाही.

तरी सगळ्या कंपन्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. २००६ साली निन्टेंडोच्या 'वी' ने हातातला दांडा रॅकेटसारखा फिरवून खेळायला शिकवले. त्यातली हालचाल ओळखणारी चिप ज्या जातीची, त्या जातीच्या चिप मोटारीतल्या हवेच्या पिशव्या फुगवण्यासाठी आधीपासून वापरात होत्या. पुन्हा तेच, जुन्याला नवा उपयोग. आजी-आजोबाही टीव्हीपुढे उभे राहिले आणि १० कोटींहून अधिक यंत्रे खपली. मात्र तिच्यानंतर २०१२ साली आलेले 'वी यू' १ कोटी ३५ लाखांच्या आसपासच अडखळले. योकोईचाच १९९५ चा 'व्हर्च्युअल बॉय' साफ पडला होता. सेगाने १९९८ साली 'ड्रीमकास्ट' मध्ये इंटरनेटसाठी मोडेम बसवून दिला, काळाच्या पुढे उडी मारली आणि २००१ साली कन्सोलचा धंदाच आवरला.

म्हणजे नवे करणाऱ्याला बक्षीस मिळतेच असे नाही. एक यंत्र घडवायला प्रचंड भांडवल लागते आणि एक चूक कंपनी बुडवते. म्हणून कंपन्या जपून पावले टाकतात, जुन्याच खेळांना नवा मुलामा देतात आणि जाहिरातीत मात्र क्रांतीची भाषा बोलतात. त्या कल्पक आहेत, पण अधूनमधून. उरलेल्या वर्षांत त्या चांगल्या व्यापारी असतात, एवढेच. त्यात वाईट काही नाही, फक्त व्यापाऱ्याचा शब्द शोधकर्त्याचा म्हणून घेऊ नये.

पारख आपल्या हाती

तेव्हा मुलाने हट्ट धरला तर रागावण्याऐवजी त्याच्यासोबत तीन प्रश्न तपासावेत. या यंत्राने हात, डोळे किंवा डोके काही नवे करणार आहे, की तेच जरा वेगाने? घरातल्या जुन्या कॅसेट किंवा डिस्क यावर चालतील का? 'प्लेस्टेशन २' वर पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क चालत, आणि १६ कोटींच्या घरात गेलेल्या त्याच्या खपाला ही सोयही पोषक ठरली. आणि तिसरा प्रश्न, घरातले आणखी कुणी त्याच्यासोबत खेळू शकेल का?

तिन्हींची उत्तरे 'नाही' आली, तर मुलाला ते स्वतःलाच कळते. नकार आई-बाबांचा राहत नाही, त्याचा स्वतःचा होतो. आणि 'हो' आली, तर पैसे मोजताना मन खात नाही. झाशीला जाणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच किल्ल्यानंतर तासभर बडा बाजारासाठी राखून ठेवावा. मुलांना तांब्या-पितळेच्या दुकानापुढे थोडा वेळ उभे करावे. जाणते गिऱ्हाईक लखलखाटाला न भुलता वस्तू कशी निवडते, हे त्यांना पाहू द्यावे. हा धडा कोणत्याही खोक्यात बांधून मिळत नाही.