शाकारणी

वैशाख उजाडला की आमच्या मालवणच्या घरी दोन शाकारण्या चालू होतात. वाडीतले काका छपरावर चढून कौले परततात आणि मी माडीवर बसून संगणकातल्या जुन्या ओळी परततो. काका खाली उतरले की शेजारी विचारतात, "झाला मां छप्पर?" मी खाली उतरलो की विचारतात, "नवीन काय केलंस रे?" आणि माझी पंचाईत होते. कारण मी नवीन काहीच करीत नाही. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले जुने चालू ठेवणे, हा माझा धंदा. हे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर, 'पोराचे पुण्यात काही जमले नाही वाटते,' असा भाव उमटतो.

मुंबईतल्या निवृत्त शिक्षकांच्या एका पतसंस्थेचा हिशेब माझ्याकडे आहे. सभासदांच्या ठेवी, कर्जे, दरमहाचे व्याज हे सारे एका संकेतस्थळावर चालते. २००९ साली पुण्याच्या दोन तरुणांनी ते लिहिले. पुढे दोघेही अमेरिकेला गेले आणि २०१६ साली ते लेकरू माझ्या ओटीत पडले. २०२० च्या टाळेबंदीत मी बिऱ्हाड गुंडाळून गावी आलो, तेव्हा तेही माझ्याबरोबर आले.

असले काम कोणी अगदी पायापासून करीत नाही. खांब, तुळया, वासे असा आयता सांगाडा मिळतो. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. भिंती आणि दारे तेवढी आपण घालायची. आमचा सांगाडा कोडइग्नायटर नावाचा. तो २००६ साली निघाला, तेव्हा हलका आणि सुटसुटीत म्हणून लोकांना आवडला. २०१३ साली मूळ मालकांनी तो सोडायचे ठरवले, २०१४ साली कॅनडातल्या एका तंत्रशिक्षण संस्थेने तो पदरात घेतला, आणि २०२० साली त्याची चौथी आवृत्ती आली ती सारी नव्याने लिहिलेली. जुने वासे तिच्या खांबांवर बसेनात. सांगाड्याखालची पीएचपी ही भाषाही बदलत होती. २०१५ च्या अखेरीस तिची सातवी आवृत्ती निघाली, तीत माहितीच्या कोठाराशी बोलण्याच्या काही जुन्या आज्ञा काढूनच टाकल्या होत्या. पाचव्या आवृत्तीची देखभाल ३१ डिसेंबर २०१८ रोजी संपली. देखभाल संपली म्हणजे घर पडले असे नव्हे. पण त्यानंतर चोराला एखादी फट सापडली तर ती बुजवायला कोणी येत नाही.

कौलांचे तरी वेगळे काय आहे? बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. पुढे पुष्कळ कारखाने निघाले आणि साचेही निरनिराळे झाले. एकाचे कौल फुटले तर दुसऱ्याचे त्या खाचेत नीट बसत नाही, आणि पावसाला तेवढी फट पुरते. म्हणून गावात कोणाचे जुने घर उतरवले की काका त्याची धड कौले आणून आमच्या मांगरात रचून ठेवतात.

२०२२ च्या उन्हाळ्यात माझ्या डोक्यात पाडापाडीचे वारे शिरले. ठिगळे पुरे झाली, सगळेच नव्याने लिहायचे! काकांना सांगितले तर ते रिपेवर बसूनच म्हणाले, "घर पाडून नवा बांधतलंस, मगे पावसात रवतलंस खंय?"

मी हसलो. संगणकाला कसला पाऊस? वास्तविक मला जुनी गोष्ट ठाऊक होती. १९९८ साली अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा जुना पाया सोडून सारे नव्याने लिहायला घेतले. ते लोकांच्या हाती पडायला २००० चा नोव्हेंबर उजाडला आणि तोवर मायक्रोसॉफ्टने मैदान मारले होते. पण 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण ज्याने काढली, त्याने प्रोग्रामर पाहिला नसावा.

जुन्या लिखाणात एक विचित्र ओळ होती. सभासदाचे जन्मसाल चालू सालाच्या पुढे गेले, तर त्यातून शंभर वजा करावेत. वर कोणीतरी टीप लिहिली होती, 'हात लावू नये.' का लावू नये, ते नव्हते. अजून जन्मालाच न आलेला माणूस ठेव कुठून ठेवणार? मी ती ओळ पुसली. मग माझ्याच जन्मतारखेवर चाचणी घेतली. १९७७ साल बरोबर आले, आणि मे अखेरीस मी थाटात गृहप्रवेश केला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. फोन वाजला. आवाज म्हातारा, पण फळ्यावर खडू ओढावा तसा स्पष्ट.

"मी शाळेत चाळीस वर्षे गणित शिकवले. या महिन्यात मला १६७ रुपये कमी आले आहेत."

"बाई, व्याजाचे दर उतरले असतील."

"उतरले असते तर पत्र आले असते. चार लाखांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाचे दोन हजार, भागिले बारा. ज्येष्ठांचा जादा अर्धा टक्का तुम्ही काढून घेतलात. का? माझी रक्तदाबाची गोळी त्यात बसते हो."

मी त्यांचे खाते उघडले. वय: उणे २३.

मग डोक्यात उजेड पडला. जुन्या वहीतून तारखा उतरवताना सालाचे दोनच आकडे घेतले होते. बाईंचे ४५. आमचे कोठार मायएसक्यूएलचे, आणि त्याचा नियम असा की ७० ते ९९ हे आकडे विसाव्या शतकातले धरायचे, ०० ते ६९ एकविसाव्या. माझे ७७ बरोबर आले ते त्यामुळे. बाईंचे साल मात्र २०४५ झाले होते. एकट्या बाईंचेच नव्हे. २०२२ साली साठी उलटलेली जी जी मंडळी होती, त्या सगळ्यांचेच आकडे ६९ च्या आत. संस्थेत एकही म्हातारा माणूस उरला नव्हता. सारे ज्येष्ठ नागरिक अजून जन्मायचे होते!

"बाई, चूक माझी आहे," मी म्हणालो. "संगणक समजतो आहे की तुम्ही २०४५ साली जन्मणार आहात."

पलीकडे क्षणभर काही ऐकू येईना. मग त्या म्हणाल्या, "माझे तुम्ही निस्तराल. पण ज्यांनी हिशेब करून पाहिला नाही, त्यांचे काय?"

या प्रश्नाने मला झोप लागू दिली नाही. बाकी कोणाचाही फोन आला नव्हता. दर उतरले असतील, आपल्याला काय कळते, असे म्हणून ती माणसे गप्प राहिली होती. त्याच रात्री मी जुने घर पुन्हा उभे केले, जून महिन्याच्या नव्या नोंदी त्यात आणल्या आणि पुढच्या चार दिवसांत प्रत्येकाची बाकी त्याच्या खात्यात गेली. बाईंनी आपली पुन्हा भागाकार करून पाहिली.

पुढच्या वैशाखात मागल्या पडवीतला एक वाकडा टेकू मी काढायला निघालो, तर काका वरून ओरडले, "थांब झिला! ह्यो टेको कोणी आणि कित्याक लावल्यान, ता आधी बघ." बघितले. वर तुळईचे टोक वाळवीने खाल्लेले होते.

आता मी एकेक खोली नवी करतो. आधी पावत्या, मग कर्जे, आणि व्याज सर्वांत शेवटी. नवी खोली राहती झाली की मगच जुनी उतरवायची. मार्टिन फाउलर नावाच्या जाणत्याने २००४ साली या रीतीला झाडाला वेढत वाढणाऱ्या वडाच्या जातीच्या वृक्षाचे नाव दिले. ते वृक्ष त्याने ऑस्ट्रेलियात पाहिले होते. आपल्याकडे ताडाला मिठी मारून बसलेला वड कोणी पाहिला नाही? मात्र तोच वड तटावर उगवला तर तट फोडतो. दांडीवर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ साली पाया घातला, १६६७ साली किल्ला पुरा झाला. बांधकाम तीन वर्षांचे, राखण्याचे काम साडेतीनशे वर्षांचे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त तटावरची झाडे वरचेवर काढण्याची ताकीद आहे, ती उगीच नव्हे.

शंभर वजा करणारी ती ओळ मी नव्या घरात नेली आहे. तिच्या डोक्यावर, ती कोणी लिहिली, कशासाठी लिहिली आणि पुसली तेव्हा काय झाले, हे सारे मराठीत लिहून ठेवले आहे. १९७० च्या पहिल्या क्षणापासून सेकंद मोजणारी बत्तीस बिटांची जुनी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी भरून वाहतील, तेव्हा कोणी तरुण पुन्हा हे लिखाण उघडील. त्या सुमारास मी साठी ओलांडलेली असेल. माझाही अर्धा टक्का तेव्हा त्याच्या हाती असेल. त्याने टीप वाचावी, एवढीच इच्छा.

तूर्त काका हाक मारताहेत. एक कौल फुटले आहे. मांगरातून त्याच साच्याचे आणून द्यायचे आहे.